वहिनी, पोराला डॉक्टरकडे न्या

प्रिय वहिनी,



दादानं ज्या व्यसनमुक्ती केंद्राशी बोलणं लावलंय, तिथे एक रुपयाही भरू नका. बाकीचं पुढे लिहिते, पण हे आधी. ‘रात्री गाडी घेऊन येऊ, आमची चार माणसं त्याला उचलून नेतील, सहा महिने भेट नाही, फोन नाही, पोरगा सुधारूनच घरी येईल’ असं तिथल्या माणसानं सांगितल्याचं तुम्ही म्हणालात. दादाला त्यात सुटका दिसली, तेही मला समजतं. बापाच्या खिशातले पैसे जातात, घरातली चांदीची वाटी जाते, पोरगा डोळ्याला डोळा देत नाही, तेव्हा कुणीतरी येऊन हे सगळं उचलून न्यावं असं वाटणारच. पण सोळा वर्षांच्या मुलाला असं उचलून न्यायचा हक्क या देशात कुणालाच नाही. आईबापांनी कागदावर सही केली तरी नाही.

हे पत्र मी तुम्हाला विचारूनच छापायला देतेय. त्याचं नाव यात येणार नाही, तुमचंही नाही. रायपूरच्या तात्यापाऱ्यात तुमच्यासारख्या आणखी आया असणार, याची मला खात्री आहे. त्या तुमच्याशी बोलणार नाहीत आणि तुम्ही त्यांच्याशी बोलणार नाही. आपला पारा, म्हणजे मोहल्ला, आहेच तसा. पिढ्यानुपिढ्या एकमेकांना लागून राहिलेली मराठी घरं, हनुमानाच्या देवळात तीच माणसं, गणपतीत तीच, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं तरी तीच. सोयरीक जुळवताना चौकशीही यांच्याकडेच होते. घरातलं दुखणं एकदा बाहेर गेलं की पुढे बहिणीच्या लग्नापर्यंत पुरतं, ही तुमची भीती खोटी नाही. पण त्या भीतीपायी दहावीच्या परीक्षेपासून सगळं तुम्ही दोघांतच ठेवलंत, आणि तेवढे महिने ते पोर नशेच्या गोळ्यांच्या सोबतीनं एकटं राहिलं. तुम्हाला बोल लावत नाही मी. फक्त आता आणखी महिने घालवू नका.

दादा कागद मानतो, म्हणून कायद्याचं लिहिते. त्याला हा भाग वाचून दाखवा. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारूच्या आणि अमली पदार्थांच्या गैरवापरातून आलेल्या मानसिक अवस्थेला आजारच मानतो. अठराच्या आतल्या मुलाला उपचारासाठी ठेवून घ्यायचं असेल, तर आधी दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक मानसिक आरोग्याचं काम करणारा जाणकार वा डॉक्टर अशा दोघांनी, त्याला आपापलं स्वतंत्र तपासलं पाहिजे. त्याला मोठ्या माणसांच्या खोल्यांत ठेवता येत नाही. जितके दिवस तो आत असेल तितके दिवस त्याच्या घरचं, त्याच्या बाजूनं निर्णय घेणारं माणूस सोबत राहिलं पाहिजे. दाखल केल्यावर 72 तासांच्या आत त्याची खबर सरकारनं नेमलेल्या मंडळाला द्यावी लागते. आणि साखळीनं बांधणं, कुठल्याही रुग्णाला, कुठल्याही कारणानं, साफ बंद आहे. सहा महिने आईलाही भेटू देत नाही, अशी जी जागा अभिमानानं सांगते, ती याच्या नेमकी उलट चाललेली आहे. तिथे आत काय होतं हे बाहेर कळू नये, एवढ्यासाठीच भेट बंद असते, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग न्यायचं कुठे, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या चौकातून जी. ई. रोडला लागायचं, आझाद चौक, आमापारा, सायन्स कॉलेज करत सरळ टाटीबंधला जायचं. एम्स तिथे आहे आणि एम्समध्ये मानसोपचार विभाग आहे. तेवढं लांब नको असेल तर मेकाहारा आहे. आपल्याकडे मेकाहाऱ्यात जाणं म्हणजे पैसे नसल्याची निशाणी समजतात, पण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे ते, तिथे मानसोपचाराचे डॉक्टर रोज असे रुग्ण बघतात. घरातून निघण्याआधी नुसतं बोलायचं असेल तर 14446 हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा फुकटचा नंबर आहे. मन फार घाबरं झालं, त्याचं किंवा तुमचं, तर 14416 वर टेलिमानसला लावा, 2022 पासून तो दिवसरात्र चालू असतो. या नंबरांवर आपलं आडनाव, गल्ली, कुणी विचारत बसत नाही. नागपूरला नेऊ का, पुण्याला माझ्याकडे आणू का, हे प्रश्न नंतरचे.

पहिल्या दिवशी डॉक्टर बहुधा तुम्हाला थोडा वेळ बाहेर बसायला सांगतील. बसा. तो आईसमोर जे बोलणार नाही ते त्या खोलीत बोलेल. काय घेतो, किती, कधीपासून, कुणाबरोबर, ते न घेता किती तास काढू शकतो, शाळेत काय झालं, झोप लागते का, मरावंसं वाटतं का, असं सगळं ते विचारतील. लघवीची तपासणी करतील. आणि नशेच्या मागे काही दडलेलं आहे का तेही बघतील. उदासपणा, भीतीचे झटके, लक्ष न टिकणं, वाचता न येण्याची अडचण, कुणीतरी केलेला त्रास. कित्येक मुलांच्या बाबतीत नशा हे त्या दुखण्यावर त्यांनी स्वतःच शोधलेलं औषध असतं. ते मूळ दुखणं बघितलं नाही तर गोळी सुटेल आणि बाटली येईल. आठवा, नववीत त्यानं गणिताच्या शिकवणीला जाणं अचानक सोडलं होतं. का, ते आपल्यापैकी कुणीच विचारलं नाही. आता डॉक्टर विचारतील. दाखल करावंच लागेल असंही समजू नका. पुष्कळ मुलं घरी राहून, ठरल्या दिवशी ओपीडीत जाऊन, घरच्यांसकट समुपदेशन घेऊन बाहेर येतात.

दादा म्हणतो, वरच्या खोलीत चार दिवस कोंडून ठेवलं की सुटेल. कृपा करून हे होऊ देऊ नका. तुम्हाला त्याच्या दप्तरात सापडलेल्या पट्ट्या झोपेच्या गोळ्यांच्या होत्या. अशा गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्यावर एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तोडली तरी तेच, हातपाय थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो, कधी जीव जातो. अशा गोळ्या डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायच्या असतात. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या यांचं वेगळं. ते तुटलं की नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, हाडं मोडल्यासारखी दुखणं. इकडे पुण्यामुंबईत गर्दुल्ल्यांनी त्याला ‘टर्की’ नाव दिलंय. त्यानं सहसा जीव जात नाही, पण माणूस विनवण्या करतो, शिव्या देतो, आणि आईचं मन मोडतं. त्यावर औषधं आहेत, ती द्यायची असतात, सोसायला लावून शिक्षा करायची नसते.

आणखी एक फार महत्त्वाचं. काही महिने नशेपासून लांब राहिलेल्या शरीराची सवय उतरते. मग बाहेर आल्यावर त्यानं पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो. म्हणजे कोंडून ठेवणं आणि मग त्याच गल्लीत, त्याच मित्रांत आणून सोडणं यात सर्वांत जास्त धोका परत आल्यानंतरच्या दिवसांत असतो. कधी तो असा सापडला की हाक मारून उठत नाही, श्वास मंद, ओठ निळसर, तर त्याला कुशीवर वळवा आणि 108 ला लावा. लोक काय म्हणतील याचा विचार त्या क्षणी नको.

रुमालात पंक्चरचं सोल्युशन हुंगण्याचंही तुम्ही हळूच सांगितलंत. हे मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे. दिल्लीच्या एम्सनं देशभर पाहणी करून 2019 मध्ये जो अहवाल दिला, त्यात 10 ते 17 वयाच्या मुलांत हुंगायच्या नशेचं प्रमाण 1.17 टक्के निघालं, मोठ्यांत त्याच्या निम्मं. आपण ही सवय स्टेशनवरच्या अनाथ पोरांची मानतो. पण सायकलच्या दुकानात मिळणारी वस्तू कुणाच्याही पोराच्या हाती जाते. हुंगत असताना कधी त्याला पकडलंत तर ओरडू नका, दादाला पाठीमागे धावू देऊ नका. त्या रसायनानं हृदयाची लय नाजूक झालेली असते, एकदम दचकलं किंवा पळालं की ती बिघडून जागीच जीव जाऊ शकतो. दारं-खिडक्या उघडा, हळू आवाजात बोला, रुमाल बाजूला करा. रागवायचं असेल तर दुसऱ्या दिवशी.

आता येरवड्याचं सांगते. पुण्यात राहून मला ज्या एका जागेबद्दल तुमच्याशी बोलावंसं वाटतं ती म्हणजे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. 1980 नंतर मुंबई-पुण्यात गर्द आली, ब्राऊन शुगर, आणि चांगल्या घरांतली कोवळी पोरं बघता बघता गेली. लेखक अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले. ते पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी वाचले, आणि काहीतरी उभं करा म्हणून स्वतःहून पैसे देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्याच आवारात 29 ऑगस्ट 1986 ला मुक्तांगण सुरू झालं. व्यसनी माणूस म्हणजे चोर, खोटारडा, त्याला दंडुक्यानंच सरळ करायचं, हा तेव्हाचा सर्वमान्य समज. अनिताताईंनी तिथे मारायला बंदी केली. आलेल्या माणसाशी आदरानं बोलायचं, त्याचं ऐकायचं, कामाला लावायचं, व्यायाम, गाणी, गटात बसून स्वतःबद्दल खरं बोलायचं. पाच आठवड्यांचा मुक्काम. जे बरे झाले त्यांतलेच कितीतरी पुढे तिथले कार्यकर्ते झाले, नव्यानं येणाऱ्याला सांभाळायला लागले. बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट झाला, कारण नवरा आत असताना बाहेर बायकोही आजारी असते हे त्यांनी ओळखलं होतं. अनिताताई स्वतः कर्करोगाशी झगडत हे चालवत होत्या. 1997 मध्ये त्या गेल्या. आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर ते काम बघते.

हे इतकं लांबवून सांगण्याचं कारण, ‘प्रेमानं कुठे असले लोक सुधारतात’ असं दादानं तुम्हाला ऐकवलंय. सुधारतात, वहिनी. जवळजवळ चाळीस वर्षं सुधारताहेत. पण प्रेमानं म्हणजे लाडानं नाही. तिथे सकाळी ठरल्या वेळी उठावं लागतं, आपला संडास आपण घासावा लागतो, गटात खोटं बोललं तर पूर्वी तेच खोटं बोललेला माणूस समोर बसलेला असतो. आणि मुक्तांगणच्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांचा फॉलोअप. मुक्काम संपला की काम संपत नाही, तिथून खरं सुरू होतं. म्हणूनच त्याला लगेच पुण्याला आणा असं मी म्हणत नाही. त्याची शाळा, त्याचे मित्र, पानठेल्यामागची त्यांची बसायची जागा, सगळं रायपूरलाच आहे. ज्या रस्त्यानं तो रोज जाणार, तिथेच त्याला नाही म्हणायला शिकायचंय. डॉक्टर घरापासून तासाभरात गाठता येईल असा हवा. पुढे तिथल्याच डॉक्टरांनी मुक्कामाच्या उपचाराचा सल्ला दिला तर माझं घर आहेच.

कुठलंही केंद्र बघायची वेळ आली तर दादाला चार प्रश्न विचारायला सांगा. नोंदणी कुठे आहे, मानसोपचारतज्ज्ञ कोण आणि किती वेळ येतात, अठराच्या आतल्या मुलांची सोय वेगळी आहे का, आणि आम्ही कधी भेटायचं. या चारपैकी एकाही उत्तरात चाचरले, तर पायऱ्या उतरा.

आता जरा अवघड. दादा शनिवारी घेतो. लहानपणापासून त्याच्या ताटातलं खाल्लेली बहीण म्हणून मी हे लिहू शकते, तुम्ही बोलू शकत नाही. वरती सांगितलेल्या त्याच पाहणीत दारू पिणाऱ्यांचं प्रमाण देशात 14.6 टक्के होतं आणि छत्तीसगडमध्ये 35.6 टक्के, सगळ्या राज्यांत वरचं. तिकडे आदिवासी गावांत महुआची दारू पूजेला, लग्नाला लागते, ती वेगळी गोष्ट. आपल्या घरात गोदरेजच्या कपाटात बाटली का, याला पूजेचं कारण देता येणार नाही. पोरानं पहिली बियर बाहेर घेतली असेल, पण बाटलीचा वास त्याला ओळखीचा होता. बारा-चौदा वर्षांच्या मेंदूत मजा हवी म्हणणारा भाग जोरात असतो, थांब म्हणणारा भाग पक्का व्हायला विशी उलटावी लागते. अशा वयात घरातलं उदाहरण फार आत जातं. डॉक्टर घरच्यांना विचारतील तेव्हा दादानं खरं सांगावं. पोराचे उपचार चालू असेपर्यंत घरात बाटली नको. हे मी त्याला फोनवरही सांगणार आहे, तुमच्यावर ढकलणार नाही.

पोलिसांची भीती तुम्ही बोलून दाखवलीत. डॉक्टर रुग्ण बघतात, पोलिसांना बोलवत नाहीत. अमली पदार्थांच्या कायद्यातसुद्धा, 1985 च्या एनडीपीएसमध्ये, 64 अ हे कलम आहे. नशा करणारा स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर नशा केल्याच्या किंवा थोडासा माल सापडल्याच्या गुन्ह्यातून त्याला सूट मिळते. पकडायचं आहे ते मुलांना माल देणाऱ्यांना. मुलाला दारू, गुंगीचं औषध किंवा तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय त्याला त्या गोळ्या विकणारा कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे असं तुमच्या बोलण्यावरून वाटलं. आज तुम्ही त्या वाटेला जाऊ नका, पोराला सावरणं आधी. पण उद्या बळ आलं तर 1098 या मुलांच्या मदतीच्या नंबरवर सांगता येतं.

शाळेत वर्गशिक्षिकेला एकटं गाठून सांगा, उपचार चालू आहेत, हजेरी कमी पडेल, एवढंच. ज्या बाईंना तो मानतो त्यांना सांगा. बाकी कुणाला काही देणं लागत नाही.

आणि तो पुन्हा घसरेल, हे मनात धरून ठेवा. कदाचित एकदा, कदाचित जास्त वेळा. चार महिने बरा राहील, तुम्ही देवाला नारळ फोडाल, आणि मग एक दिवस डोळे लाल. त्या दिवशी ‘सगळं वाया गेलं’ असं त्याच्यासमोर म्हणू नका. दम्याचा रुग्ण पावसाळ्यात पुन्हा धापा टाकायला लागला तर आपण औषध बदलतो, रुग्णाला घराबाहेर काढत नाही. ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याला परत ओपीडीत न्या. पैसे हातात देऊ नका, फी थेट भरा, मोबाइलचं रिचार्ज तुम्ही करा, चोरी झाली तर झाकू नका. पण जेवायला बोलवायचं सोडू नका. दादाला सांगा, रोज दहा मिनिटं त्याच्याशी नशा सोडून दुसऱ्या कशावर तरी बोल, क्रिकेट चालेल.

तुमचीही झोप गेलेली आहे. डॉक्टरांना स्वतःबद्दलही सांगा. दिल्लीच्या एम्सच्या त्याच पाहणीतली एक गोष्ट मला विसरता येत नाही. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 माणसांमागे एकालाच कुठला तरी उपचार मिळालेला होता. उरलेल्या सदतीस घरांत कुणीतरी बाई तुमच्यासारखीच दार लावून बसलेली असणार.

म्हणून महाराष्ट्र मंडळातल्या जाणत्या माणसांनाही माझी हात जोडून विनंती आहे. आपण गणेशोत्सवात नाटकं करतो, वक्तृत्व स्पर्धा घेतो, आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखर तपासतो. त्या शिबिरात एक टेबल मानसोपचाराच्या डॉक्टरांचं ठेवा. महिन्यातून एक संध्याकाळ एक खोली आईबापांसाठी उघडी ठेवा, जिथे नाव न विचारता बसता येईल. पैसे फारसे लागणार नाहीत. तात्यापाऱ्यातलं एक घर त्या खोलीत आलं की दुसरं येईल.

तोवर तुम्ही थांबू नका. सोमवारी सकाळी लवकर निघा, त्याला घेऊन टाटीबंधला जा, मानसोपचार विभागाची पर्ची काढा. दादाला सोबत न्याच, नाही म्हणाला तर मला फोन लावून त्याच्या कानाला द्या. सापडलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या फेकल्या नसतील तर पिशवीत घाला, डॉक्टरांना त्या बघायला लागतील.

तुमची,
नणंद